थांबल्यावर बघू

पंखा बंद केला की माणूस खोलीबाहेर पडतो. हे पडायचे नाहीत. बटण दाबायचे आणि तिथंच उभे राहायचे, मान वर करून, पाती थांबेपर्यंत. मे महिना, नोएडाची गरमी, पाठीवरून घाम चाललाय, बाहेर चार्टर्ड बसवाला हॉर्न मारून थकलाय, आणि हे पंख्याकडे असे बघतायत की जसा काही तो जाताजाता निरोप सांगणार आहे. मी दारात ताटकळत.

"काका, चलो ना यार, बस जाईल."

"सुरू होताना सगळे बघतात रे. थांबल्यावर बघू."

मग एकदाची पाती थांबायची. ते "हं" म्हणायचे आणि चपला घालायचे. बस तोवर गेलेली. दोघं पायी फॅक्टरीत पोचलो की गेटवरचा शिपाई उठून म्हणायचा, "अरे, मास्टरजी पैदल आए!" मी काय पालखीतून आलो होतो? पण माझ्याकडे कुणी बघायचंच नाही.

त्यांचं नाव सांगत नाही. माझंही नको, पुढचं ऐकल्यावर तुम्हालाच ते नकोसं होईल. एवढंच सांगतो की आयुष्यात मी मनापासून जळलो तो या एका माणसावर. बाकीच्यांवर आपलं येताजाता.

जळण्यात मी हुशार होतो. शाळेत नव्हतो. सातवीच्या वर्गात मी तीन वर्षं काढली. तिसऱ्या वर्षी मास्तरांनी मला मॉनिटर केलं, कारण कुठलं बाक मोडकंय आणि कुठल्या खिडकीला कडी नाही हे माझ्याएवढं कुणाला माहीत नव्हतं. मग मामाबरोबर दिल्लीला आलो. आधी कँटीनमध्ये कपबशा, मग पॅकिंग, आणि मग नोएडाच्या एक्सपोर्ट झोनमधल्या एका फॅक्टरीत फिटर. देशाची दारं उघडली म्हणत होते, त्या दिवसांची गोष्ट. कोपऱ्याकोपऱ्यावर नव्या कोल्ड्रिंकच्या पाट्या, गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या, आणि राहायच्या जागांना नावं नाहीत, नुसते आकडे. मी घरी पत्ता कळवला, सेक्टर अमुक, ब्लॉक तमुक, खोली नंबर इतकी. वडिलांना वाटलं पोरगं तुरुंगात आहे. आई आठ दिवस जेवली नाही.

फॅक्टरीत आम्ही रेल्वेची इंजिनं बनवायचो. वीतभर लांबीची. खेळणं म्हटलेलं काकांना चालायचं नाही, "मॉडेल म्हण." आणि खरंच ती पोरांसाठी नव्हती. परदेशात म्हणे चांगले कर्तेसवरते म्हातारे तळघरात रूळ टाकून बसतात आणि गाड्या सोडतात. इंजिन दिसायला हुबेहूब खरं. पुढं दिवा लागतो, शिट्टी वाजते, हळू सुटतं, हळू थांबतं. ही सगळी अक्कल पोटातल्या बोटभर सर्किट बोर्डात. माझ्या डोक्यापेक्षा बराच लहान, पण भरलेला.

घोळ असा होता की कंपनीनं तो बोर्ड दोनदा बदलला, म्हणजे एकूण तीन तऱ्हा. आम्ही त्यांना एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर म्हणायचो. बाहेरून इंजिन तेच, रंग तोच. बिघडलेली इंजिनं परदेशातून खोक्यांनी परत यायची, आणि दुरुस्त करायची तर आत कुठला बोर्ड आहे ते आधी कळायला हवं. सुटे भाग खालून, चाकांकडून बसायचे, पण एक नंबरचा तीन नंबरला लावला की फट्, धूर. बरं, उघडून बघावं, तर वरचं कवच चार नाजूक खटक्यांवर बसवलेलं. आम्ही त्याला टोपी म्हणायचो. टोपी उघडली की एखादा खटका तुटायचाच, रंगावर ओरखडा यायचाच. आणि गोरं गिऱ्हाईक दुसऱ्या कशाला नाही इतकं ओरखड्याला घाबरतं.

काका टोपी न उघडता सांगायचे. दिवा मेलेली इंजिनं सोडून द्या, ती उघडावीच लागायची. बाकी एकही चुकायचं नाही.

सरकारी प्रयोगशाळेतून रिटायर झालेला माणूस, मूळचा मिरजेचा, चाळीस वर्षं दिल्लीत. बायको वारलेली, मुलगी मिरजेत. आमच्या मालकांनी, खन्नासाहेबांनी, त्यांना शोधून आणलेलं. खोकं उघडलं की काका एकेक इंजिन दोन्ही हातांनी उचलायचे. "या. कुठून आलात? प्रवासात त्रास नाही ना झाला?" आमच्या टेबलावर हातभर लांबीचा रूळ होता, त्यावर ठेवायचे. "दमानं चला. घाई नाही." इंजिन टोकापर्यंत जायचं, हे वीज तोडायचे, आणि बसून राहायचे. मग म्हणायचे, "दोन." की झालं.

आणि मला? "अरे, चिमटा दे. अरे, हो बाजूला, सावली पडते."

इंजिनाला अहो, मला अरे. इथून सुरुवात झाली.

मग खुर्ची. आम्ही सगळे स्टुलावर, त्यांना हातांची, फिरती खुर्ची. चहा आम्हाला काचेच्या ग्लासात, त्यांना कपबशीत. खन्नासाहेब आम्हाला हाक मारताना जिभेनं टॉक् करायचे, त्यांना विचारायचे, "मास्टरजी, तबीयत?" शेजारच्या स्टुलावरचा चौबे रोज सकाळी त्यांच्या पाया पडायचा आणि मग माझ्याकडे बघून डोळा मारायचा. "तेरे काका तो भगवान हैं यार. तू क्या है उनका? परसाद?"

घरीही सुटका नाही. ते दोन गल्ल्या सोडून राहायचे, म्हणून बायकोनं त्यांना एकदा साबुदाण्याच्या खिचडीला बोलावलं. त्यांच्या ताटात खिचडीवर दाण्याचं कूट असं पसरलेलं की जसं काही बर्फ पडलंय. माझ्या ताटात एक दाणा होता. मी तो बाजूला काढून ठेवला, तिला दिसावा म्हणून. तिनं तो उचलून त्यांना वाढला.

"किती सावकाश जेवतात नाही?" ते गेल्यावर बायको म्हणाली.

"दाणे संपेपर्यंत वेळ लागणारच," मी म्हटलं.

थंडीत त्यांची एक सक्ती असायची. खोलीत शिरण्याआधी स्वेटर काढायचा. नोएडाची जानेवारीतली थंडी, दहा वाजले तरी समोरचा माणूस दिसत नाही असं धुकं, आणि आम्ही बारा जण पातळ सुती सदऱ्यात कुडकुडतोय. त्यांचं म्हणणं, लोकरीत आणि त्या लुधियानाच्या नकली धाग्यात वीज असते. अंगातून निघताना चट् करते आणि बोर्डातली चिप मारून टाकते. वर आत येणाऱ्यानं खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून मगच टेबलाशी बसायचं. देवळाच्या उंबऱ्याला लावतात तसा. चौबे मुद्दाम गजाच्या पाया पडायचा. बायकोनं मला पोपटी रंगाचा स्वेटर विणला होता. तो सगळा हिवाळा खुंटीवर ऊबेत, आणि मी थंडीत.

गुपित काढायचा मी खूप प्रयत्न केला. आधी वाटलं ते कानानं ऐकतात. मी इंजिन कानाला लावून बसलो, माझ्याच पोटातली गुरगुर ऐकू आली. मग वाटलं वासावरून. हुंगताना शिंक आली आणि इंजिन चौबेच्या चहात पडलं. मग वाटलं चष्म्यात काही आहे. ते हात धुवायला गेले तेव्हा त्यांचा चष्मा घालून मी इंजिन बघायला वाकलो, ते माझ्या अंदाजापेक्षा बरंच जवळ होतं. कपाळावर टेंगूळ आलं.

"गुपित काय आहे काका?" शेवटी सरळ विचारलं.

"गुपित कसलं? रोज सांगतो की. थांबल्यावर बघ."

टाळतोय म्हातारा, मी मनात म्हटलं. शिकलेली माणसं अशीच. स्वतःचं काही सांगायचं नसलं की कीर्तन करतात.

कारण ही थांबण्याची गोष्ट त्यांची सगळीकडेच चालायची. टीव्ही बंद केला की मधोमध जो ठिपका राहतो, तो जाईपर्यंत समोर बसणार. पाहुणा स्कूटरवरून गेला की कोपरा वळेपर्यंत फाटकात. संध्याकाळी लाईट गेली की अख्खा सेक्टर एका आवाजात हाय करायचा, आणि हे बाल्कनीत खूष. "बघ बघ, ट्यूब लगेच गेली. समोरचा पिवळा बल्ब बघ, जाताना लाल झाला. प्रत्येकाची जायची तऱ्हा वेगळी असते." मी मान डोलवायचो आणि मेणबत्ती शोधायचो.

मग ती बातमी आली. खन्नासाहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की परदेशातला मालक खूष आहे. तिकडं त्यांच्या गोदामात शेकडो इंजिनं पडलीत, आत कुठला बोर्ड आहे कुणालाच माहीत नाही. मास्टरजींनी आठ दिवस यावं आणि निवड करून द्यावी. "पहले उनका साहब यहाँ आके टेस्ट लेगा. दस इंजन. फिर टिकट."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यात जोरात. हात लाल झाले, बाकी आत काय झालं ते सांगत नाही.

विमान! मी तोवर पालम विमानतळाच्या बाहेरची भिंत बघितली होती फक्त. आणि हा माणूस, ज्याला चार्टर्ड बस वेळेवर पकडता येत नाही, तो विमानात बसणार. मी रात्रंदिवस एकच हिशेब मांडत होतो. काका टेस्टमध्ये चुकले तर कंपनी दुसऱ्याला पाठवेल. दुसरा कोण? मी. मध्ये तीन इंजिनियर होते, सुपरवायझर होता, चौबे होता. ते सगळे माझ्या हिशेबातून कसे गळले हे आजही मला सांगता येत नाही. सातवीत गणित असंच राहिलं.

मी गुपचूप पासपोर्टचा अर्ज केला. बाहेर टाइपरायटर घेऊन बसलेल्या माणसाकडून फॉर्म भरून घेतला. फोटोला फोटोवाल्याचा कोट घातला, काळा, खांद्याला दोन बोटं जास्त. टायसुद्धा होता, मागं इलास्टिक. फोटोत मी असा बसलोय की जशी काही बाहेर टॅक्सी थांबलीय. मग पोलीसचौकशीला हवालदार आला. घरमालकानं चांगल्या वागणुकीची सही दिली. हवालदार म्हणाला, "एक और चाहिए, कोई शरीफ पड़ोसी." मी म्हटलं उद्या या. दुसऱ्या दिवशी तो रस्त्यात भेटला, म्हणाला, "हो गया तुम्हारा." सही कुणी दिली, मी विचारलंच नाही. म्हटलं, बघा, सेक्टरमध्ये आपली ओळख आहे.

पासपोर्ट आला. बायकोला दाखवला नाही. तिनं विचारलं असतं, कुठं चाललास? आणि मला उत्तर आलं नसतं.

टेस्टच्या दिवशी धुक्यानं विमान लेट. गोरा साहेब दुपारनंतर येणार असं कळलं. इंजिनियरनं सकाळीच दहा इंजिनं जपून उघडून, बघून, परत बंद करून ओळीनं ठेवली होती. पोटाखाली एक ते दहा चिठ्ठ्या, आणि आत कुठला बोर्ड ते इंग्रजीत लिहून लिफाफा बंद. जेवायच्या सुट्टीत ऊन पडलं तशी सगळी मंडळी गच्चीवर गेली, शेंगदाणे आणि तिळाची गजक खात बसली. काका भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसलेले. मी खाली आलो.

आता ऐका. मला काय करायचं होतं? लिफाफा आणि इंजिनं जुळू द्यायची नव्हती. चौथ्या आणि सातव्याच्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या असत्या तर दोन सेकंदांचं काम होतं. मला ते सुचलं नाही. शपथेवर सांगतो, सुचलंच नाही. मी दोन्ही टोप्या उघडल्या, दोन्ही बोर्ड खाचेतून ओढून काढले, याचा त्याच्यात, त्याचा याच्यात बसवला, टोप्या लावल्या. घामाघूम झालो. घामाघूम का झालो हे नंतर कळलं. गच्चीवरून तसाच खाली आलो होतो, अंगात पोपटी स्वेटर. एकदा बोटाशी चट् झालं होतं, मुंगी चावल्यासारखं. मी बोट तोंडात घातलं आणि काम पुढं चालू.

गोरा साहेब आला. उंच, नाक लाल, हातात लिफाफा. काका खुर्चीवर. "या. कुठून आलात?" पहिलं इंजिन. बरोबर. दुसरं, तिसरं, बरोबर. चौथं टोकाला गेलं, वीज तोडली, काका बसून राहिले.

"तीन."

खन्नासाहेबांनी हिंदीचं इंग्रजी केलं. साहेबानं कागद बघून मान हलवली. कागदावर एक होतं. मी चौबेचा हात दाबला. चौबे म्हणाला, "मेरा हाथ छोड़."

"तीन ही है साहब," काका शांत. "लिफाफा गलत है."

पाचवं बरोबर, सहावं बरोबर. सातव्याचा दिवाच लागेना. जागचं हलेना. मेलं होतं. मग साहेबानं चौथ्याची टोपी स्वतः उघडली. आत तीन नंबरचा बोर्ड. काका बरोबर, कागद चूक. खन्नासाहेबांचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला, कारण इंजिनियर ओरडत होता की सकाळी मी स्वतः बघितलंय, एकच होतं. सातवं उघडलं, तर त्यात एक, आणि चिप मेलेली. कुणीतरी अदलाबदल केली होती हे खोलीतल्या खुंटीलाही कळलं.

"जिसने भी खोला है," खन्नासाहेब म्हणाले, "वो आज ही गेट के बाहर. और पुलिस अलग से."

घरी बायको, डोक्यावर खोलीचं भाडं. मी खिडकीच्या गजाला हात लावून उभा राहिलो.

काकांनी सातव्याची टोपी उचलली, डोळ्यांजवळ नेली. चिमट्यानं खटक्यातून काहीतरी ओढलं. धागा होता. पोपटी. तो त्यांनी खिशात टाकला आणि माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "स्वेटर तिनं विणलाय ना? वीण जरा सैल आहे. सांगा तिला."

खन्नासाहेबांना वाटलं काहीतरी टेक्निकल चाललंय. "क्या बोल रहे हैं मास्टरजी?"

"मैंने खोला था," काका म्हणाले. "सुबह. देखना था मुझे."

"आपने?"

"जी."

खन्नासाहेबांनी ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेब काकांकडे बघून हसला, मग खांदे उडवले. त्या हसण्याचा अर्थ समजायला शाळा लागत नाही. अच्छा, असं ओळखतो होय म्हातारा. आधी उघडून बघतो.

त्यानं लिफाफा टेबलावर ठेवला, उरलेली तीन इंजिनं तशीच ठेवून चहाला गेला.

तुम्हाला वाटेल मला लाज वाटली. वाटली, नंतर. आधी मला हेवाच वाटला. पाप माझं, उघडलं मी, चिप मारली मी, आणि दोष अंगावर घ्यायचा मोठेपणाही यांनीच खाल्ला. निदान तेवढा तरी माझा हक्काचा होता. तोंड उघडून "मैंने" म्हणायला मला किती लागलं असतं? एक शब्द. मी गज धरून उभा राहिलो.

परदेश रद्द झाला. खन्नासाहेबांनी काकांना काढलं नाही, पण तबीयत विचारणं बंद केलं. फिरती खुर्ची केबिनमध्ये गेली. नवा नियम आला, येणारं प्रत्येक इंजिन उघडूनच बघायचं. काका आमच्यासारखे स्टुलावर बसले, हातात टोपी उघडायची पट्टी. ज्या माणसानं कधी उगाच कुणाची टोपी काढली नाही, तो दिवसाला चाळीस टोप्या काढायला लागला. प्रत्येक वेळी आधी पुटपुटायचे, "माफ करा हं." चौबेनं पाया पडणं सोडलं. मला डोळा मारणंही सोडलं.

आणि माझ्याशी ते अहो-जाहो करायला लागले. "जरा चिमटा देता? बाजूला होता का, सावली पडते." दोन वर्षं ज्यासाठी जळलो ते मिळालं. घरी आलो की जेवण जायचं नाही.

होळीच्या आसपास एक दिवस सगळे लवकर गेलेले, मला एक इंजिन रुळावर चालवून बंद करायचं होतं. केलं. आणि उठायचा कंटाळा आला म्हणून तसाच बसून राहिलो. वीज तोडली होती तरी पुढचा दिवा जळतच होता. हळूहळू, हळूहळू मंद झाला, आणि पार विझताना एकदा डोळा मिचकावून गेला. मी दुसरं लावलं. त्याचा नुसता मंद होत गेला, डोळा नाही. तिसऱ्याचा तोडल्याबरोबर फट् गेला. मी टोप्या उघडल्या. तीन, दोन, एक.

बास. एवढंच होतं. वीज गेल्यावर कोण कसं विझतं. दोन वर्षं हा माणूस रोज तोंडानं सांगत होता, आणि मी त्यांचा चष्मा चोरत होतो. आणि कळलं कधी? उपयोग संपल्यावर.

पावसाळ्याआधी काकांनी नोएडा सोडायचं ठरवलं. मुलीकडे, मिरजेला. बायको म्हणाली, जा, सामान बांधायला हात लाव. मी गेलो. दिवसभर भांडी, पुस्तकं, गाद्या बांधल्या. दोघंही कामापुरतं बोलत होतो, तेही ते मला अहो म्हणत. शेवटी खोली रिकामी झाली, ट्रंका बाहेर गेल्या, टॅक्सीवाला खाली हॉर्न मारायला लागला. काकांनी पंख्याचं बटण दाबलं आणि मान वर करून उभे राहिले.

मी दारात गेलो नाही. त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

पंखा जुना होता, त्याला थांबायला वेळ लागायचा. मी म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"काका, ते इंजिन मी उघडलं होतं."

"हं."

"तुम्ही चुकावं म्हणून. मला परदेशात जायचं होतं."

"माहीत आहे की. तुझ्या पासपोर्टच्या चौकशीला तो हवालदार माझ्याकडेच आला होता. शरीफ पडोसी म्हणून सही माझीच आहे."

त्यांनी "तुझ्या" म्हटलं ते माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा कानात दुसरंच वाजत होतं.

"मला बरंच वाटलं," ते वरच बघत म्हणाले. "म्हटलं पोरानं आपणहून पासपोर्ट काढला. दुसऱ्याच दिवशी मी खन्नांना सांगितलं, दोन तिकिटं काढा. एक माझं, एक याचं."

"माझं?"

"मग? आठ दिवस तिकडे मी मराठीत कुणाशी बोलणार होतो? तिथे तर हिंदीही चालत नाही. खन्ना म्हणाले, टेस्ट झाली की दोन्ही नावं सांगू."

पाती आता वेगवेगळी दिसायला लागली होती.

"मला का नाही सांगितलंत? एका शब्दानं तरी."

"तू येऊन सांगशील असं वाटलं, पासपोर्टचं. म्हणून थांबलो होतो. पण तू रोज येऊन विचारायचास ते फक्त गुपित."

एक पातं आमच्या डोक्यावरून गेलं, मग दुसरं, तिसरं अर्ध्यात रेंगाळलं आणि राहिलं तिथंच. काका "हं" म्हणाले. चपला घातल्या. "चल रे, बस नाही तरी टॅक्सी जाईल."

खाली टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी फाटकात उभा होतो. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. आणि खरं सांगतो, त्याचाही हेवा वाटला. मला तसं कुठून निघता येत नाही.

पुढं फॅक्टरी बंद पडली, मी मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकाचा पंखा बंद करून बसून राहतो तेव्हा लोक विचारतात, भैया, सो गए क्या? पासपोर्टची मुदत कधीच संपली. परवा बायकोला तो ट्रंकेत सापडला, उघडून हसत बसली. आतली सगळी पानं कोरी, एक शिक्का नाही. पहिल्या पानावर मात्र तो, फोटोवाल्याच्या ढगळ कोटात, गळ्यात इलास्टिकचा टाय, छाती पुढं काढून निघायला तयार. त्याला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.